कागदी मुलुखांत करंजओहोळ वसलें त्याची हकीकत

श्री. जें नाहीं तें डोळ्यांपुढें उभें करी आणि जें आहे तें डोळ्यांआड करी, ऐसी जी थोरांचे घरची माया, तीस प्रथम दंडवत घालोन आणि वाचणारांस उदंड आयुष्य चिंतोन ही हकीकत लिहिली असे. शके सोळाशें एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एके राज्यीं, ज्याचें नांव लिहिल्यास लिहिणाराचे बोटांस अपाय संभवतो सबब लिहिलें नाहीं, एक महाराज सुखें नांदत होते. राज्य लहान. उत्तर सरहद्दीवर घोडा सोडिला तर तिसरे दिवशीं दक्षिण सरहद्दीवर चरतां दिसे. परंतु महाराजांचें मन मोठें, आणि मोठे मनास लहान मुलूख म्हणजे थोरले पायांत धाकटा जोडा, दिवसभर चावत असे. तशांत शेजारचे पातशाहीचा वकील भेटीस आला आणि त्यानें आपले धन्याचे मुलुखाचा नकाशा दरबारीं उलगडला. नकाशा सिंहासनापासोन निघाला तो सदर ओलांडोन पागेपर्यंत गेला आणि तेथें एका घोड्यानें त्याचा समुद्र चावला. मग वकिलानें अदबीनें विचारिलें कीं आपला नकाशा पाहावयास मिळेल काय, तेव्हां दिवाण रखमाजीपंत यांनीं कमरेचा बटवा सोडोन त्यांतून नकाशा काढिला. वकील भला माणूस, हंसला नाहीं. परंतु न हंसण्यास त्यास जे श्रम पडले ते सर्वांनीं पाहिले, आणि महाराजांस त्या दिवशीं जेवण गेलें नाहीं.

दुसरे दिवशीं मसलत बैसली. महाराज बोलिले, "मुलूख वाढविला पाहिजे." सेनापतींनीं हात जोडोन अर्ज केला कीं हिवाळ्यांत गुडघे धरतात, उन्हाळ्यांत घोड्यांस गवत नाहीं आणि पावसाळ्यांत दारू भिजते, या तीन ऋतूंखेरीज कोणताही ऋतु सांगावा, फौज तयार आहे. मग रखमाजीपंत पुढें सरले आणि बोलिले, "महाराज, आपल्याकडे जमिनीचा तोटा, कागदाचा नाहीं. पूर्वेकडील डोंगरापलीकडे कोणी जात नाहीं. तेथें आपला एक मुलूख आहे ऐसें लिहावें. नद्या लिहाव्या, शहरें लिहावीं, रयत लिहावी. ऐसा बारकाईनें लिहावा कीं वकिलानें तोंडांत बोट घालावें आणि पुन्हा नकाशाची गोष्ट काढूं नये." हें ऐकोन महाराजांचे मुखावर तेज आलें आणि हुकूम जाहला कीं मुलूख रचावा, नांव नवखंड ठेवावें, आणि हें काम एकट्यानें न करितां चारचौघांनीं बैसोन करावें, कारण एकाचें खोटें लवकर उघडें पडतें, मंडळींचें पडत नाहीं.

त्याप्रमाणें चित्रशाळेंत मंडळी बैसों लागली. मंडळींत मुख्य दोघे. एक अवधूतबुवा पुराणिक, ज्यांची कल्पना ऐसी चलाख कीं संध्येस बैसले म्हणजे आचमनाचे पाण्यांत त्यांस समुद्र दिसे आणि संध्या राहोन जाई. दुसरे दादंभट मोजणीदार, ज्यांचे हातीं पांच हात पांच मुठींची मोजणीची काठी सदैव असे, आणि लोक म्हणत कीं स्वतःचे लग्नांत अंतरपाट धरला तेव्हांही त्यांनीं अंतर मोजोन नवरीस दोन अंगुळें मागें सरकविलें. बुवांनीं नवें काढावें आणि भटांनीं तें घडेल कीं नाहीं हें तपासावें ऐसी वाटणी ठरली. दिवाणांनीं एक रिवाज घालोन दिला कीं कोणीं एकदां मांडिलें तें दुसऱ्यानें पुसों नये; न पटलें तर पटेल ऐसें कांहीं जोडावें, कारण पुसापुशी सुरू झाली तर मुलूख रोज ओसाड पडेल. भटांनींही आपला एक रिवाज त्यांत घातला. डोंगर-नद्या कागदावर चालतील, परंतु माणसाचे वापराचें जें जें, घर, विहीर, गोठा, तें जमिनीवर खऱ्या मापानें आंखल्यावांचोन वहींत चढवूं नये, कारण गाय दारांतोन आंत जाते कीं अडकते हें कागदावर कळत नाहीं. याकरितां महाराजांनीं नगराबाहेरचें आपले घोड्यांचें कुरण मोजणीस दिलें, आणि नवखंडांत घर लिहिलें कीं त्या मापाच्या शेंदूर लाविलेल्या खैराच्या खुंट्या कुरणांत ठोकाव्या ऐसें चाललें. नाहीं त्या मुलुखाच्या खऱ्या खुंट्या ठोकणारा दरबार पृथ्वीवर हा एकच असावा.

या मंडळींचें बोलणें सुवाच्य लिहोन काढण्यास सटवाजी नकलनवीस म्हणोन एक मनुष्य होता, आणि ही हकीकत खरी त्याची. उमर पस्तिशीची, बोलणें थोडें, अक्षर मोत्यासारखें. मूळचा करंजओहोळ गांवचा कुणबी. गांवचे मठींत एका गोसाव्यानें त्यास लिहावयास शिकविलें. बारा वर्षांमागें तो नवा चाकरीस लागला तेव्हां पहिला कागद हातीं आला तो महाराजांचे जलविहाराकरितां तळें बांधण्याचा हुकूम. त्यांत गांवाचें नांव नव्हतें, "ओढ्याकांठची सखल जमीन" एवढेंच होतें. सटवाजीनें पहिलें काम म्हणोन तो हुकूम ऐसा सुंदर उतरला कीं दिवाणांनीं पाठ थोपटली, आणि महाराजांनीं नेहमींचे रिवाजाप्रमाणें न वाचतां मोर्तब केलें. चौथे महिन्यांत बांध पुरा जाहला आणि करंजओहोळ पाण्याखालीं गेलें. ती सखल जमीन म्हणजे आपलें गांव, हें सटवाजीस तेव्हां कळलें. एकुणचाळीस घरांचीं माणसें हातीं लागलें तें घेऊन वरचे खडकाळ माळावर बैसलीं तीं आजतागायत तेथेंच. तळें महाराजांचे विहाराचें, सबब पाणी कोसभरावरोन आणीत, आणि पेरिलें तें करपे. सटवाजीनें तीन अर्ज दिले. दिवाणांनीं तिन्ही वेळां दप्तर पाहोन उत्तर दिलें कीं करंजओहोळ नांवाचें गांव नकाशांत नाहीं, सबब तें बुडालेंही नाहीं. सटवाजी माळावर घरीं गेला म्हणजे त्याची आई भागाई त्याचे हातांकडे बघे, आणि त्यास आपले बोटांची लाज वाटे.

इकडे नवखंड वाढों लागलें. बुवांनीं पहिलेच दिवशीं दुधाची नदी सोडिली. भटांनीं विचारिलें, "उन्हाळ्यांत तें दूध काय करितें?" बुवा म्हणाले, "वाहतें." भट म्हणाले, "नासत नाहीं?" नदी पुसतां येईना, मग बुवांनीं जोडिलें कीं वैशाखांत नदीचें दहीं होतें, आणि तें घुसळण्यास दोन्ही तीरांस सातशें रव्या आहेत, आणि मग ताकाचा ऐसा पूर येतो कीं तेथील रयत पाहुण्यास पाणी मागों देत नाहीं. मग बुवांनीं उडते हत्ती काढिले. भटांनीं आधीं चाऱ्याचा प्रश्न केला आणि मग लीदेचा केला. उडत्या हत्तीची लीद कोठें पडते यावर मंडळी अकरा दिवस बैसली. शेवटीं राजधानीचीं सर्व छपरें उतरतीं केलीं, रयतेस दगडी पागोटीं दिलीं, आणि ऊर्ध्वदर्शी या नांवाचा एक हुद्दा काढोन त्यावर दिवाणांचे मेहुण्यास नेमिलें. नेमणूक कागदी मुलुखाची, परंतु मेहुणा खऱ्या दरबारीं गादी मागोन बैसला; रोज सकाळीं वर पाही आणि आज कांहीं पडलें नाहीं म्हणोन वर्दी देई. ऐसें करितां करितां भट म्हणत कीं बुवांनीं मुलूख हवेंत नेला, आणि बुवा म्हणत कीं भटांनीं तो चिखलांत रुतविला, आणि सटवाजी दोघांचेंही निमूट उतरोन घेई.

माघ मासीं राजधानी आणि ताकाचा घाट यांमध्यें वाटसरूंस एक मुक्काम पाहिजे जाहला. दोघेही थकले होते आणि लहान गांव काढण्यांत कोणास गोडी नव्हती. दिवाण म्हणाले, "सटवाजी, घाल एखादें गांव. गांवासारखें गांव." सटवाजीचा हात क्षणभर थांबला आणि मग त्याचा तो चालों लागला. गांव करंजओहोळ, घरें एकुणचाळीस. उत्तरेस ओढा, ओढ्याकांठीं करंजाचीं झाडें. मध्यें पायऱ्यांची विहीर, पायऱ्या अकरा, पैकीं सातवी नाहीं. ती कोणे काळीं निखळली आणि पुन्हा बसविली नाहीं, कारण गांवचें लहानथोर माणूस ती न पाहतां ओलांडितें, आणि नव्या सुनेचा पाय आपोआप सातवी ओलांडूं लागला म्हणजे ती गांवची झाली ऐसें समजतात. देवळांत भैरोबा. त्याची पाठ दाराकडे आणि तोंड मागील झरोक्याकडे, कारण तो ओढ्यावर नजर ठेवितो, पूर आला तर गांव जागें करावें म्हणोन. लोक पाठीसच नमस्कार करितात.

पान वाचतां वाचतां दादंभटांचे कपाळास आठ्या पडल्या. ते बोलिले, "हें पटत नाहीं. पायरी निखळली तर लोक बसवितील. आणि देव दाराकडे पाठ करील काय? लिहिणें तें वास्तवास धरोन असावें." बुवा जांभई देत बोलिले, "आणि यांत अद्भुत तरी काय आहे? एक ओढा, एक विहीर. निदान विहिरींत नागकन्या घाला." सटवाजी उभ्या चाकरींत मंडळींपुढें बोलला नव्हता, तो म्हणाला, "नागकन्या नको." एवढेंच म्हणाला, परंतु ऐसें म्हणाला कीं बुवांची जांभई अर्धीच राहिली. हत्तीचे लीदेवर अकरा दिवस खल करणारी ही मंडळी, आणि साऱ्या नवखंडांत जें एक खरें होतें तेंच त्यांस खोटें वाटलें, ही मौज सटवाजीखेरीज कोणास कळली नाहीं, आणि सटवाजीस ती मौज वाटली नाहीं.

परंतु मांडिलें तें पुसतां येत नाहीं, आणि माणसाचे वापराचें असेल तें आंखल्यावांचोन राहत नाहीं. मग भट काठी आणि खुंट्या घेऊन सटवाजीसह कुरणांत गेले आणि म्हणाले, "सांग, घरें कोठें?" सटवाजीनें डोळे मिटले आणि चालों लागला. हें तेल्याचें घर, हें आमचें, हा गोठा, इथें वाट वळते कारण करंजाचें मूळ वर आलें आहे, ऐसें सांगत तो पुढें आणि भट खुंट्या ठोकीत मागें. विहिरीचे जागीं आल्यावर तो नुसत्या गवतांत पायऱ्या उतरावें तैसा चालला, सहा पावलें सारखीं घातलीं आणि मग एक मोठें घातलें. भटांनीं दिवस मावळेपर्यंत सर्व मापांचा ताळा पाहिला. घरास घर खेटत नव्हतें, पाणंद गाडीस पुरत होती, आणि देवळाचे झरोक्यांतोन काठी धरिली तर ती नेमकी ओढ्याचे जागेकडे जात होती. नवखंडाचें कोणतेंही माप आजवर पहिले खेपेस जमलें नव्हतें. भट काठी टेकोन उभे राहिले आणि म्हणाले, "सटवाजी, हें गांव तूं रचिलें नाहींस." सटवाजी म्हणाला, "नाहीं." भटांनीं पुढें विचारिलें नाहीं, ते मापाचे मनुष्य, मापाबाहेर जात नसत. परंतु त्या दिवशींचे खुंट्यांस शेंदूर त्यांनीं आपल्या हातानें लाविला.

महाराजांस हें पान भारीच आवडलें. राजधानीचें वर्णन निघालें कीं त्यांस डुलकी लागे, परंतु करंजओहोळ निघालें कीं उठोन बैसत आणि विचारीत, "मग आज त्या गांवांत काय? ती नवी सून रुळली काय?" सटवाजी सांगे कीं रुळत आहे महाराज, काल एकदां ठेंचाळली. महाराजांनीं तें ऐसें मनावर घेतलें कीं महालांत फेऱ्या घालितां सहा पावलें घालोन सातवें लांब घालीत, आणि हुजऱ्यांस वाटे कीं महाराजांचा पाय लचकला. सटवाजीचें मन यामुळें मोठें चमत्कारिक होई. मोर्तबाचे ज्या हातानें गांव बुडविलें त्याच्याच लाडाचें तें झालें होतें, आणि त्या हातास त्याचा पत्ता नव्हता. महाराजांवर राग धरावा तर ते सुनेची चवकशी करीत.

फाल्गुनांत बातमी आली कीं वकील पुन्हा येणार. महाराजांनीं नवखंड पहिल्यापासोन वाचविलें आणि बोलिले, "सर्व आहे, जलविहारास तळें नाहीं." आणि तीन महिन्यांत एकदांही एकमत न झालेले बुवा आणि भट या गोष्टीस एकदम राजी जाहले. भट म्हणाले, "करंजओहोळ सखल आहे, ओढाही आहे, बांध घातला कीं पाणी ठरेल." बुवा म्हणाले, "आणि पाण्याखालीं बुडालेलें गांव म्हटलें कीं शोभा औरच येते." महाराज हळहळले, म्हणाले, "गांव गोड होतें हो." परंतु तळें पाहिजेच होतें. सटवाजीस हुकूम जाहला कीं उदईक पान लिहोन आणावें.

सटवाजी दुपारचे उन्हांत माळावर गेला. भागाई जात्यावर बसली होती. सटवाजी उंबऱ्यांत बसोन म्हणाला, "आई, गाव पुन्यांदा बुडवायचं म्हनत्यात." भागाईनें जातें थांबविलें आणि विचारिलें, "कागदावरचं नव्हं?" तो म्हणाला, "व्हय, कागदावरचं. पर लिव्हायचं मलाच हाय." म्हातारीनें मूठभर दाणे जात्यांत टाकिले, दोन फेरे दिले, आणि म्हणाली, "मंग कागदावर तरी इचारून बुडीव." सटवाजीस रडूं आलें. तो तेथेंच बैसला आणि गुडघ्यावर कागद धरोन लिहूं लागला.

दुसरे दिवशीं भर दरबारीं त्यानें पान वाचिलें. त्यांत लिहिलें होतें कीं नवखंडाचा राजा स्वतः करंजओहोळास आला, विहिरीचे पायरीवर बैसला आणि बोलिला कीं मला येथें तळें करावेंसें वाटतें, तुमचें म्हणणें काय? लोक बोलिले कीं आमचें म्हणणें नको ऐसें आहे. तरी तुझें मन राहत नसेल तर आधीं पाण्याची जमीन दे, आधीं देव हलीव, आणि मग बांध घाल. राजानें पाण्याची जमीन दिली, देव हलविला, एकुणचाळीस घरें उभीं राहिलीं, आणि मग बांध घातला.

दादंभट ताडकन उठले. म्हणाले, "महाराज, हें लिहों नये. मीं हत्ती सोसले, ताकाचा पूर सोसला. परंतु राजा तळें बांधण्याआधीं रयतेस विचारतो, हें घडत नाहीं. चाळीस वर्षें मोजणी करितों, चौदा तळीं आंखलीं, एकदांही घडलें नाहीं. हें वास्तवास सोडोन आहे." मग अवधूतबुवा उठले. ते सटवाजीस म्हणाले, "बाबा, मी हरलों. दूध वाहविलें, हत्ती उडविले, परंतु विचारणारा राजा माझ्या कल्पनेस कधीं शिवला नाहीं. साऱ्या नवखंडांत याहोन अद्भुत कांहीं नाहीं." दोघेही मनापासोन बोलिले होते, कोणाचा उपमर्द करावा ऐसें कोणाचे मनांत नव्हतें, म्हणोनच तें बोलणें सदरेवर तैसेंच पडोन राहिलें आणि कोणी उचलीना. ऊर्ध्वदर्शी मेहुणा सुद्धां खालीं पाहों लागला.

महाराजांनीं विचारिलें, "कां घडत नाहीं?" मग भट हळू बोलिले, "महाराज, हें गांव सटवाजीनें रचिलें नाहीं. तें त्यासच विचारावें." तेव्हां सटवाजीनें सांगितलें. म्हणाला कीं महाराजांची हंसमुखी नाव जेथें फिरते तेथें खालीं ती विहीर आहे. भैरोबा बिचारा ओढ्याकडे बघत बसला आणि पाणी बांधाकडोन आलें, दारांतून, त्याचे पाठीमागोन. म्हणाला, "हुकूम मींच उतरला होता. अक्षर चांगलें आलें होतें." महाराजांचे डोळ्यांस पाणी आलें आणि तें खरें होतें, दरबारी नव्हतें. ते म्हणाले, "या एकुणचाळीस घरांस पाण्याचे जमिनीच्या सनदा द्याव्या." दिवाणांनीं विचारिलें, "कोठें, महाराज?" महाराजांची जन्माची संवय डोळ्यांतले पाण्यापेक्षां बळकट ठरली. म्हणाले, "नवखंडांत. तेथें जागा उदंड आहे." दरबार धन्य धन्य म्हणाला. दिवाणांनीं सुस्कारा टाकिला आणि सटवाजीचे तळपायाची आग मस्तकास गेली.

तरी चाकर माणूस, सनदा लिहावयास बैसला. सनदेंत जमिनीच्या चतुःसीमा लागतात. नवखंडांतील घरांच्या चतुःसीमा एकाच ठिकाणीं लिहिलेल्या होत्या, दादंभटांचे मोजणीचे वहींत. सटवाजीनें ती वही उघडली आणि एकुणचाळीस कागदांवर उतरलें: नवखंड प्रांत, गांव करंजओहोळ, पश्चिमेस पागेची चिंच, उत्तरेस कुरणाचा ओढा, शेंदरी खुंटीपासोन शेंदरी खुंटीपर्यंत, वंशपरंपरा. बारा वर्षांमागें हात न जाणतां चालला होता, या खेपेस जाणोन चालला. मग साक्षीकरितां कागद भटांकडे नेले. भटांनीं एकुणचाळीसही वाचले, सटवाजीकडे पाहिलें, आणि म्हणाले, "मापें बरोबर आहेत." आणि सही केली. मग कागद महाराजांपुढें गेले आणि महाराजांनीं नेहमींचे रिवाजाप्रमाणें न वाचतां मोर्तब केलें.

शके सोळाशें बहात्तर, प्रमोदनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेस करंजओहोळची माणसें मडकीं, गुरें आणि गाडीवर भैरोबा घेऊन कुरणांत उतरलीं, आणि ज्याचा तो आपापल्या खुंट्यांत जाऊन उभा राहिला. त्या भैरोबास बारा वर्षांमागें दोन पोहणारांनीं पाण्यांतून काढोन माळावर आणिलें होतें. कुरणाचे राखणदारानें सनदांवरचें मोर्तब पाहिलें, घाबरला, आणि धांवत दिवाणांकडे गेला कीं कुरणांत गांव आलें आहे. दिवाणांनीं दप्तर काढोन पाहिलें आणि सांगितलें, "कुरणांत गांव असल्याची नोंद नाहीं, सबब तेथें गांव नाहीं. जा." राखणदार गेला. कुरणास पाणी हाताशीं होतें. दीड महिन्यांत विहीर लागली, पायऱ्या बसल्या, एकुणचाळीस छपरें उभीं राहिलीं, आणि दप्तराप्रमाणें तेथें कांहींच नव्हतें.

वैशाखांत वकील आला. महाराजांनीं नवखंड वाचविलें आणि वकील लक्ष देऊन ऐकत होता, तोंच पागेचे दारोगे भर दरबारीं शिरले आणि बोलिले, "महाराज, घोडे उपाशी आहेत. कुरणांत एकुणचाळीस घरें बसलीं, हलत नाहींत, आणि नवखंडाच्या सनदा दाखवितात." सर्वांनीं महाराजांकडे पाहिलें, आणि वकिलानें विशेष पाहिलें. सनदा खोट्या म्हणावें तर नवखंड गेलें, खऱ्या म्हणावें तर कुरण गेलें. महाराजांनीं भटांस विचारिलें, "मोजणीदार, नवखंडांत ही जमीन आहे काय?" भट काठी सांवरोन उभे राहिले आणि म्हणाले, "मोजली आहे, सबब आहे." दारोगे म्हणाले, "मग घोडे चारावे कोठें?" बुवा म्हणाले, "उडत्या हत्तींचें कुरण रिकामेंच आहे." मग वकील अदबीनें बोलिला कीं ही नवखंडाची रयत पाहावयास मिळेल काय, आणि महाराजांस होय म्हणण्यावांचोन गति उरली नाहीं.

सर्व मंडळी कुरणांत गेली. ऊन फार, महाराजांस तहान लागली. हुजऱ्या तांब्या घेऊन पुढें सरला, परंतु महाराजांनीं विहीर पाहिली आणि त्यास हातानें मागें सारिलें आणि स्वतः पायऱ्या उतरों लागले. पाणी नवव्या पायरीस होतें. कांठावर भागाई घागर घेऊन उभी होती, शेजारीं सटवाजी. सटवाजी महाराजांचे पायांकडे पाहत होता. महाराज सहा पायऱ्या उतरले, आणि मग खालीं न पाहतां एक लांब पाऊल घातलें आणि आठवीवर नीट उभे राहिले. वकील मागोमाग उतरत होता, त्यास कोणीं सांगितलें नाहीं. तो सातवीवर पाय द्यावयास गेला आणि कमरेइतक्या पाण्यांत उभा राहिला. भागाई त्यास पाहोन म्हणाली, "ह्यो परमुलखाचा." मग महाराजांकडे वळली आणि बोलिली, "तुमी मातुर गावचं. आमच्या गावचं पान पायांनी वाचल्यालं दिसतंया, म्हाराज. मोर्तब करतासा ते कागद डोळ्यांनी वाचत जावा." सटवाजीस वाटलें कीं आतां आपलें आणि आईचें डोकें जाणार. महाराज ओंजळीनें पाणी प्यायले, पायऱ्या चढले, सातवी पुन्हा ओलांडिली, आणि वर येऊन म्हातारीस विचारिलें, "आम्हीं येथें बसलों तर चालेल काय?" भागाई म्हणाली, "बसा." वकिलानें तोंडांत बोट घातलें, तें आश्चर्यानें कीं थंडीनें, हें लिहिणारास ठाऊक नाहीं.

सारांश, नवखंडाची वही पुढें वाळवीनें खाल्ली, आणि त्यांतील नदी, हत्ती, रव्या आणि राजधानी ज्या ठिकाणाहोन आलीं त्या ठिकाणीं परत गेलीं. उरलीं तीं एकुणचाळीस घरें, तीं अद्याप नांदतात. महाराज त्या दिवसापासोन प्रत्येक कागद वाचों लागले, त्यामुळें राज्याचें काम फार मंदावलें आणि रयत पुष्कळ सुखी जाहली. सटवाजीनें आपले हातानें गांवाची नोंद नकाशांत घातली, आणि भागाई आतां त्याचे हातांकडे बघत नाहीं, तोंडाकडे बघते. भैरोबाचें देऊळही बांधिलें, झरोका ठेविला, आणि पाठ दाराकडेच ठेविली. मात्र झरोका या खेपेस ओढ्याकडे काढिला नाहीं. देव तोंड नगराकडे करोन बसविला आहे, महाराजांची सदर तेथून नीट दिसते.